भेट नाही, फोन नाही

प्रश्न : माझा भाचा १५ वर्षांचा आहे. शाळेला दांड्या मारतो, रात्रभर मोबाइल बघतो, घरात आदळआपट करतो. घरचे त्याला ‘मुलं सुधारणाऱ्या’ निवासी शाळेत ठेवायचं म्हणतात. तिथे पहिले तीन महिने भेट नाही, फोन नाही. असा नियम का असतो? काही गैर घडलं तर कायदा काय म्हणतो?
– एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : मूल लवकर रुळावं म्हणून, असं शाळा सांगेल. पण मारहाण होत असेल तर ती लपते याच तीन महिन्यांत. वळ बुजतात आणि ‘रडेल, खोटंनाटं सांगेल, विरघळू नका’ असं आईवडिलांना आधीच बजावलेलं असतं.

याउलट रुग्णालयाचं बघा. तुमच्याच शहरात होसूर रोडवर निम्हान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे. भाच्याला तिथे दाखल करायची वेळ आली, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक जाणकार अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. तो असेपर्यंत घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस सोबत राहतं. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. शिस्तीच्या शाळेला मात्र एक अर्ज आणि फीचा चेक पुरतो. हा फरक मला फार अस्वस्थ करतो.

संस्थाचालकाच्या नावलौकिकावरही विसंबू नका. मडगावात फ्रेडी पीट्स ‘गुरुकुल’ नावाचं मुलांचं वसतिगृह चालवत होता. समाजात त्याला मान होता. १९९१ मध्ये तो पकडला गेला; मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. अमेरिकेत युटा राज्यातल्या अशाच एका शाळेतल्या छळाबद्दल, स्वतः तिथे राहिलेल्या सेलिब्रिटी पॅरिस हिल्टनने साक्ष दिली. २०२१ मध्ये तिथे जो कायदा झाला, त्यात मुलाला दर आठवड्याला घरच्यांशी खाजगीत बोलू देणं बंधनकारक केलं.

आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली, मुलं सांभाळणाऱ्या संस्थेच्या चालकाने किंवा नोकराने क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. लैंगिक अत्याचार कळूनही संस्थाप्रमुख गप्प राहिला, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. ‘संस्थेचं नाव जाईल, आपसात मिटवू’ हे म्हणूनच ऐकून घेऊ नका.

आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. मराठीतही बोलता येतं. निम्हान्सच्या बालमानसोपचार विभागात भाच्याला दाखवा. झोप उडणं, शाळा टाळणं यामागे नैराश्य असू शकतं, शाळेत कुणी छळत असेल; मारून ते बरं होत नाही.

तरीही वसतिगृहच ठरलं, तर न कळवता एकदा जाऊन या. संडासाला आतून कडी आहे का बघा. मुलं फोनवर बोलताना वॉर्डन शेजारी उभा राहतो का, स्पीकर लावायला लावतो का, हे पाहा. आणि ‘मला घेऊन जा’ असं भाचा म्हणाला, तर त्याच दिवशी आणा. शंका खरी ठरली तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनला १०९८ वर कळवा. भरलेल्या फीचं नंतर बघता येईल.