सागाचा रंग, ड्रोनची उंची

नागपूरच्या लकडगंज या लाकूडबाजारावर माहितीपट करतोय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: ड्रोन उडवा, वरून भारी दिसेल. या बाजारात कॅमेरा घेऊन बरंच फिरल्यावर आणि त्याहून जास्त वेळ संगणकासमोर रंग बसवत बसल्यावर जे हाती लागलं, ते असं.

१. ड्रोन फक्त ‘कुठे’ ते सांगतो. ट्रक कोणत्या गल्लीतून आत शिरतो, टाल (लाकडाची वखार) कुठे, आरा मशीन कुठे, पलीकडे इतवारीची दाटी किती, हे एका शॉटमध्ये उमगतं. तेवढं झालं की खाली उतरावं. आलापल्ली-बल्लारपूरकडून आलेल्या लठ्ठ्याच्या टोकावर वनविभागाच्या हातोड्याचा शिक्का असतो, क्रमांक लिहिलेला असतो. माल कुठला, वैध की अवैध, ते त्यावरून ठरतं. तो शिक्का टिपायला गुडघे टेकून बसावं लागतं. एका हमालाला आम्ही वरचं फुटेज दाखवलं. गंजलेल्या टिनांचा तो विस्तार त्यानं नीट पाहिला आणि विचारलं, “भाऊ, यात आमी कुठी दिसतो जी?” अंतिम संकलनात ड्रोनचे शॉट अगदी मोजके राहिले.

२. हवाई हद्दींचा नकाशा आधी, बॅटरी नंतर. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांपर्यंतच उडता येतं. त्याच्या आत शिरलात तर परवानगी हवीच. नागपूरचं सोनेगाव विमानतळ आपल्याला वाटतं तितकं लांब नाही. शिवाय पोलिसांचे मनाईहुकूम अधूनमधून निघतात, ते वेगळे. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन असला तर पायलटच्या परवान्यातून सूट मिळते, नकाशातून नाही.

३. टालीच्या अंगणातून ड्रोन उडवू नये. पंख फिरले की भुसा उठतो आणि गिंबलमध्ये जाऊन बसतो. गच्ची शोधावी.

४. सागाला गोरा करू नये. माझा सगळ्यात जास्त वेळ यात गेला. ताजा चिरलेला साग हिरवट-पिवळसर असतो. हवा आणि ऊन लागलं की हळूहळू सोनेरी तपकिरी होतो. म्हणजे आज टिपलेली फळी पुढच्या महिन्यात टिपली तर वेगळी दिसणारच. ग्रेडिंगला बसलेल्या माणसाचा हात मात्र दोन्ही शॉट सारखे करायला शिवशिवतो. कथापटात ते चालेल. इथे त्या दोन रंगांमधल्या फरकातच लाकडाचं वय आहे, तो पुसला की आपणच पुरावा खोडला. अनुभवी गिऱ्हाईक फळीचा रंग आणि रेषा बघून भाव बोलतो. चंद्रपूरचा साग आणि परदेशी लागवडीचा फिकट साग त्याला लांबूनच वेगळे कळतात. तयार लट (रंगाचा ठरलेला साचा) टाकून सगळंच मधाच्या रंगात बुडवलं, तर त्याला आपल्या फिल्ममध्ये काहीच वाचता येणार नाही. नव्या संसद भवनासाठी नागपूरचं सागवान गेल्यापासून तर लाकूड चमकवण्याचा मोह आणखीच होतो. चमकवू नये.

उपाय साधा आहे. दर ठिकाणी फळीशेजारी ग्रे कार्ड धरून काही सेकंद टिपायचं. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवायचं. ड्रोनचं फुटेज लॉगमध्ये, जमलं तर १०-बिटमध्ये घ्यायचं. मग ड्रोनचा रंग जमिनीवरच्या कॅमेऱ्याला जुळवायचा, उलट नाही. माणसांचे चेहरे खालच्या कॅमेऱ्यात असतात. दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत हे बरंचसं होतं.

५. मारबत पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या वेळी हीच गोष्ट दुप्पट कडक. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. दोघींची ओळखच रंगावर. चालू फॅशनचा निळा-नारिंगी साज चढवला की पिवळी नारिंगी होते, आणि काळीच्या अंगावरचे तपशील अंधारात बुडतात. वेव्हफॉर्मवर काळा रंग तळाला चिकटू देऊ नये. ड्रोन तर या गर्दीवर नकोच, इतवारीत ओळखीची गच्ची मिळते.

६. ड्रोनला आवाज नसतो, म्हणजे कामाचा नसतो. आरा लठ्ठ्यात शिरताना सूर बदलतो, तो वेगळा रेकॉर्ड करून वरच्या दृश्याखाली लावला की पत्र्यांखाली काय चाललंय ते कळतं. आतल्या ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवावं, नाहीतर पट्टे येतात. बाहेर नागपुरी उन्हात तेच शटर ठेवायला एनडी फिल्टर लागतोच. आणि मे महिन्यात दुपारी ड्रोन पिशवीतच बरा; बऱ्याच छोट्या ड्रोनची मर्यादा ४० अंशांची असते, आपली ४५ ची.

७. संक्रांतीच्या आगेमागे आकाश पतंगवाल्यांचं. बंदी असली तरी नायलॉन मांजा उडतोच, आणि तो पंखात गुंडाळला गेला की ड्रोन कोणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही. वरचे शॉट डिसेंबरातच उरकून घ्यावेत.