अंड्यावर आलेल्या कोंबडीला आडोसा द्या

आमच्या ग्रामप्रिया जातीच्या तलंगा अंड्यावर येऊ लागल्या, तेव्हा अंडी घालायला शेडात पत्र्याचे तयार खोके आणून बसवले होते. बनवणाऱ्याने ते समोरून सताड उघडे ठेवलेले, आणि बसवलेही दाराजवळ, भर उजेडात. थोड्याच दिवसांत एक तलंग शेपटीखाली रक्तबंबाळ झालेली सापडली. बाकीच्या तिच्या मागे लागून टोचत होत्या. ती वाचली नाही.

असं का होतं, हे कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यायला हवं. अंडं बाहेर पडताना कोंबडीच्या गुदद्वाराचा आतला भाग क्षणभर बाहेर येतो. तो ओला आणि लालबुंद असतो. उजेडात दुसरीला दिसला की ती चोच मारते, आणि एकदा रक्त निघालं की सगळा कळप तुटून पडतो. अंधारात हे दिसतच नाही. म्हणून खोका बाळंतिणीच्या खोलीसारखा हवा: अंधारा, उबदार, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर. आम्ही त्याच खोक्यांना समोरून गोणपाटाचे पडदे लावले, मधे चीर ठेवली आणि ते शेडाच्या आतल्या कोपऱ्यात हलवले. त्यानंतर तसं टोचणं पुन्हा दिसलं नाही.

खोका लांबी, रुंदी आणि उंचीला साधारण 1 फूट पुरतो. जास्त मोठा केला तर दोघी-तिघी एकदम घुसतात आणि अंडी फुटतात. फुटलेलं अंडं एकदा खाल्लं की कोंबडीला चटक लागते आणि ती साबूत अंडीही फोडू लागते. ही खोड मोडणं फार अवघड, म्हणून ती लागूच देऊ नका. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोका ठेवा. तळाशी पेंढा किंवा लाकडाचा भुसा चांगला जाड अंथरा आणि तो बाहेर सांडू नये म्हणून पुढे चार-पाच इंचांची फळी ठोका. ओला, बुरशी धरलेला पेंढा कधीच वापरू नका. बहुतेक अंडी सकाळीच पडतात, तेव्हा दुपारपर्यंत निदान दोनदा गोळा करा. शिंपल्यांचा चुराही वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. कॅल्शियम कमी पडलं की कवच पातळ होतं.

खोके जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असावेत, पण रात्री बसायच्या काठ्या त्यांच्याहून उंच हव्यात. कोंबडी झोपायला सगळ्यांत उंच जागा शोधते. ती जागा खोक्याची असली तर रात्रभर विष्ठा तिथेच पडते आणि सकाळची अंडी त्यात लडबडतात. खोक्याच्या छपराला उतार दिला की वरही कुणी बसत नाही.

उन्हाळ्यात पत्र्याचा खोका भट्टीगत तापतो, कोंबड्या आत पाऊल टाकत नाहीत आणि लाकडांच्या ढिगामागे अंडी घालतात. आपल्याकडे लाकडी फळ्यांचा खोकाच बरा. मात्र फळ्यांच्या फटींत रक्त पिणारे बारीक किडे दडतात. ते रात्री बाहेर येतात, म्हणून अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन फटी बघा. दिसले तर सगळं अंथरूण जाळून टाका, खोका कडक उन्हात वाळवा आणि आतून चुना मारा.

तलंगा साधारण 20 आठवड्यांच्या आसपास अंड्यावर येतात. खोके त्याच्या दोन-तीन आठवडे आधीच लावा आणि प्रत्येकात प्लास्टिकचं एक खोटं अंडं ठेवा, म्हणजे त्या तिथे बसायला शिकतात. पुढे एखादी खुडूक होऊन खोका अडवून बसली, तर तिला हाकलत राहू नका. गावरान कोंबड्याची फळलेली अंडी असतील तर तिला वेगळ्या कोपऱ्यात टोपलीत बसवा. 21 दिवसांनी पिल्लं निघतील.