अट घातलेला विश्वास टिकत नाही

राजगुरुनगर-चाकण पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत कुणाचे कंत्राट संपले, कुणाचे आजारपण लांबले, कर्ज डोक्यावर बसले, की प्रार्थनासभेत एक वाक्य ठरलेले असते : विश्वास ठेवा, प्रभू सगळे नीट करील. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. तरीही आपल्या मंडळ्यांचे जीवन पाहून आणि मराठी ख्रिस्ती लोकांचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचून माझी खात्री झाली आहे, की कितीतरी जणांचा विश्वास याच वाक्याने आतून पोखरला आहे. कारण त्यात एक न बोललेली अट लपलेली असते. सगळे नीट होईल, म्हणून मी विश्वास ठेवतो. मग नीट झाले नाही, की माणूस उपासनेला यायचा थांबतो आणि लोक म्हणतात, त्याच्या मनात शंका शिरली. मला हे निदान चुकीचे वाटते. शंका आणि संकट या दोहोंना तोंड देऊन विश्वास उभा राहू शकतो. आधीच घालून ठेवलेल्या अटीपुढे मात्र तो टिकत नाही. म्हणून ज्याला टिकून राहायचे आहे, त्याने शंका दाबून टाकण्याऐवजी आपली अट कोणती हे शोधावे, असे मला सांगायचे आहे.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्या प्रवचनांपेक्षा कितीतरी मोकळे आहे. ईयोबाने देवाला जाब विचारला, जन्माला आलो त्या दिवसाला शाप दिला. त्याच्या मित्रांनी मात्र देवाची बाजू घेऊन सोपी उत्तरे दिली. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, आणि खरे बोलल्याचे श्रेय ईयोबाला देतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. त्यात शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते प्रार्थना म्हणूनच जपले गेले. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. खुद्द प्रभू येशूने गेथशेमाने बागेत मागितले, की हा प्याला टळावा. तो टळला नाही. थोमाची गोष्ट सांगताना आपण त्याच्या शंकेवर बोट ठेवतो, पण योहानाने नोंदवलेली दुसरी गोष्ट बघत नाही. शंका बोलून दाखवल्यानंतर आठ दिवसांनी थोमा बाकीच्या शिष्यांसोबतच होता. त्याला कुणी बाहेर काढले नव्हते आणि तोही निघून गेला नव्हता. प्रभूची भेट त्याला त्या सोबतीतच झाली. शंका घेऊन मंडळीत बसता येते, याहून स्पष्ट पुरावा आणखी कोणता हवा?

आपल्याकडच्या इतिहासात शंकेचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे. काशीत वाढलेला हा मराठी ब्राह्मण पंडित ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला मिशनऱ्यांकडे गेला आणि १८४८ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे नेहेम्या गोरे या नावाने तो ओळखला गेला. षड्दर्शनांची चिकित्सा करणारा ग्रंथ त्याने लिहिला, मोठमोठ्या विद्वानांशी वाद केले. आणि एवढे करूनही त्याचे स्वतःचे मन जन्मभर प्रश्नांनी भरलेले राहिले. चर्चचा एक प्रवाह सोडून तो दुसऱ्याकडे गेला. संन्यस्त बंधूंच्या संघात उमेदवारी केली, पण अखेरची व्रते घेतली नाहीत. बायको लवकर वारली, नातलग तुटले. अशा माणसाचा विश्वास कच्चा होता, असे सहज म्हणता येईल. पण १८९५ मध्ये मरण येईपर्यंत त्याने ख्रिस्ताला सोडले नाही. उलट, प्रश्नांशी रोज झुंजणाऱ्या या माणसाच्या लिखाणाने दुसऱ्या एका प्रश्न विचारणाऱ्या जिवाला आधार दिला. ती म्हणजे पंडिता रमाबाई. ज्याला स्वतःला कधी शंका आली नाही, त्याला रमाबाईंच्या प्रश्नांची धार कळली असती का, याचा विचार आपण करावा. शंका प्रामाणिक असेल तर ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते, हे गोऱ्यांच्या आयुष्यावरून मला पटते.

रमाबाईंचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे; दौंड तालुक्यातले केडगाव इथून फार दूर नाही. १८७४ च्या सुमारास उपासमारीत आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पदरात तान्ही मुलगी होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून एखादे तत्त्व मानायचे, हे रमाबाईंनी स्वीकारले नाही. सदसद्विवेकाला पटल्याशिवाय मान डोलावणार नाही, हा त्यांचा आग्रह पत्रोपत्री दिसतो. इंग्लंडमध्ये त्या हट्टी ठरल्या. इकडे पुण्यात १८९३ मध्ये त्यांनी चालवलेल्या शारदा सदन या शाळेत मुलींना बाटवले जाते असा गहजब झाला, सल्लागार मंडळातल्या सुधारकांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्हीकडून मार खाणाऱ्या या बाईने पुढे स्वतःच लिहून ठेवले, की ख्रिस्ती धर्म स्वीकारून बरीच वर्षे लोटली तरी ख्रिस्त आपल्याला सापडला नव्हता. एवढी मोठी कबुली आपल्या मंडळीत एखादीने दिली, तर आपण तिला काय म्हणू?

या कबुलीने रमाबाईंचे काम थांबले नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, जिच्या हाती सगळे सोपवायचे होते ती. हातचे काम त्यांनी तरीही सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. ते १९२४ मध्ये छापून आले. आयुष्याच्या आरंभी सगळे घर गेले आणि अखेरीस मुलगी गेली. त्यांचा विश्वास ‘माझी माणसे राहतील’ या अटीवर उभा असता, तर तो एकदा नाही, अनेकदा कोसळला असता.

अटी अशा फक्त सुखदुःखाच्या नसतात. माणसांवर आणि संस्थांवरही आपण अट ठेवतो. पाळक चांगला असेल तर मी विश्वासात राहीन, मंडळीत भांडण नसेल तर राहीन. अशी अट न घालणारे कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यापायी संसार काही वर्षे मोडल्यासारखा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, आपल्या मनाच्या गतीने, कुणाच्या रेट्याखाली नव्हे. मिशनची शिस्त, परदेशी लोकांचे वर्चस्व, पगारी ख्रिस्तीपण या साऱ्यावर टिळक उघडपणे टीका करत राहिले आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. प्रभूला मात्र सोडले नाही. ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या बंधुसंघाचे नवे स्वप्न त्यांनी त्यानंतर पाहिले. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अकरा अध्यायांवर थांबले होते. लहानपणी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे ६४ अध्याय लिहिले. संस्थेशी मतभेद आणि प्रभूशी निष्ठा एकाच माणसात नांदू शकतात, हे या घराने दाखवले. आज रविवारी आपण ‘उपासना संगीता’तून टिळकांची गीते गातो; ती गाताना हेही आठवावे, की त्यांचा कर्ता मिशनवर नाराज होता आणि तरीही गात होता.

आपल्या भागातल्या अडचणी याहून वेगळ्या आणि रोजच्या आहेत. इथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी पहिली पाळी असेल तर उपासना बुडते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, सोलापूरकडून आलेला तरुण चाकणला खोली करून राहतो. त्याची मंडळी गावी असते आणि इथे त्याला नावाने ओळखणारे कुणी नसते. त्यात आणखी एक जुनी जखम आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात दलित ख्रिस्ती बसत नाहीत. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये, ख्रिस्ती बाहेरच राहिले. मराठी ख्रिस्ती समाजातली असंख्य कुटुंबे दलित पूर्वजांची आहेत. त्यांतल्या मुलाला विश्वासाची किंमत फीमाफी आणि नोकरीच्या रांगेत मोजावी लागते. अशा मुलाला शंका आली, तर तो पापी आहे म्हणून नव्हे. त्याचा हिशोब खरा आहे म्हणून आली. ‘विश्वास ठेव’ एवढे सांगून त्याला परत पाठवणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत उभे राहणे होय.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की शंका मोकळी बोलू दिली तर कोवळ्या मुलांचा विश्वास डळमळेल. मला वाटते, ही भीती उलट्या दिशेने पाहते. मुलाच्या हातात मोबाइल आहे. प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेलेच आहेत. घरात विचारता आले नाहीत तर तो ते बाहेर विचारील आणि उत्तरही बाहेरचेच घेईल. दुसरा आक्षेप : अट नको, तर मग बरे होण्यासाठी, नोकरीसाठी प्रार्थना तरी का करायची? प्रार्थना जरूर करावी. पौलाने तीनदा केली, प्रभूने गेथशेमानेत केली. मागणे आणि अट यांत अंतर आहे. मागणारा उत्तर देणाऱ्यावर सोडतो. अट घालणारा नकार मिळताच नाते तोडतो. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अटीविना विश्वास म्हणजे अन्याय मुकाट सोसणे होईल, असे कुणी म्हणेल. रमाबाईंकडे पाहिले की हा आक्षेप टिकत नाही. दुष्काळात त्या नुसती प्रार्थना करत बसल्या नाहीत, माणसे वाचवायला गेल्या. १९५० च्या आदेशाविरुद्ध ख्रिस्ती संघटना न्यायालयात लढत आहेत, तेही विश्वासाचेच काम आहे. थकलेले वेतन मागणे, मंडळीच्या पैशाचा हिशोब मागणे, पाळकाने गैर केले तर तक्रार करणे, यांपैकी काहीही अविश्वास नाही.

चौथा आक्षेप एखादा कामगार घेईल : गोरे, रमाबाई, टिळक ही मोठी माणसे, आमच्यासारख्यांचे काय? पण या तिघांना टिकवणारी साधने मोठी नव्हती. त्यांनी आपले प्रश्न कागदावर आणि माणसांपुढे मांडले, त्यांच्याजवळ वाद घालायला कुणीतरी होते, आणि अंधाराच्या दिवसांतही हातात दुसऱ्यासाठीचे काम होते. ही तिन्ही साधने पाळीवर जाणाऱ्यालाही मिळू शकतात. म्हणून माझे सांगणे नेमके आहे. संकट येण्याआधीच एकदा शांतपणे स्वतःला विचारा : देवाने काय काढून घेतले तर मी त्याला सोडीन? जे उत्तर येईल ती तुमची अट. ती प्रार्थनेत त्याच्यापुढे नाव घेऊन ठेवा. स्वतःच्या शब्दांत प्रार्थना जमत नसेल त्या दिवशी एखादे विलापाचे स्तोत्र मोठ्याने वाचा. तेही अशक्य झाले तर दुसऱ्याला वाचायला सांगा आणि ऐका. पाळकाशी बोलणे अवघड वाटत असेल तर एक तरी असा विश्वासू माणूस जोडा, ज्याच्यापुढे रागावून बोलता येते. रविवार मिळत नसेल तर गुरुवारी संध्याकाळी तीनचार घरांनी एकत्र बसावे. आरंभीच्या मंडळ्या घरांतच भरत होत्या. मोठ्या दुःखाच्या ऐन दिवसांत विश्वास सोडण्याचा किंवा मंडळी बदलण्याचा निर्णय घेऊ नका. थोमासारखे आणखी आठ दिवस सोबत बसा.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते विश्वास कमी असल्याचे लक्षण मानू नका. डॉक्टरकडे जा, औषध घ्या, घरच्यांना सांगा. लूक वैद्य होता, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यांत त्याची जागा आहे. औषध घेणाऱ्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका. तो ईयोबाच्या मित्रांची जुनी चूक पुन्हा करत असतो. मंडळ्यांनीही आपल्याकडून एवढे करावे : साक्षीच्या वेळेत केवळ उत्तर मिळालेल्या प्रार्थनाच सांगाव्यात असा अलिखित नियम असेल तर तो मोडावा. ज्याची प्रार्थना अजून अनुत्तरित आहे आणि जो तरीही आला आहे, त्यालाही उभे राहून बोलू द्यावे. त्याची साक्ष अधिक मोलाची आहे, कारण तिच्यात अट उरलेली नसते. असा एक माणूस बोलला, की मागच्या बाकावर आपली शंका लपवून बसलेल्या आणखी दोघांना राहण्याचे कारण मिळते.