रंग लावता येणारा लेसर

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या गुरुग्रामचे अधिकृत नाव २०१६ पर्यंत गुडगाव असे होते. १९८३ साली येथील कारखान्यातून मारुती मोटार बाहेर पडली आणि शेतजमिनीच्या या प्रदेशाचे रूप पालटू लागले. पुढे काचेच्या भिंतींच्या उंच इमारती आल्या व त्यांत देशोदेशींच्या कंपन्यांची कार्यालये थाटली गेली. दूरसंदेशवहनाची प्रकाशीय यंत्रणा बनवणाऱ्या सिएना या अमेरिकी कंपनीचे एक मोठे अभियांत्रिकी केंद्र याच शहरात आहे. यंत्रणांचे आराखडे, त्यांचे नियंत्रण करणाऱ्या आज्ञावली आणि त्यांच्या कसोट्या ही येथील अभियंत्यांची कामे होत. मुंबईच्या माणसाने गुरुग्रामच्या माणसाशी बोलावे, तर त्याचा आवाज केसाएवढ्या जाड काचतंतूतून, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने, सुमारे चौदाशे किलोमीटरचा प्रवास करून येतो. हा प्रकाश देणारे उपकरण तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते. ते कसे घडते आणि त्याचा ‘रंग’ हवा तसा कसा बदलता येतो, हा या प्रकरणाचा विषय आहे.

येथे ‘रंग’ हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. काचतंतूतून धावणारा प्रकाश अवरक्त असतो. त्याची तरंगलांबी १,५५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे तांबड्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दुपटीहून अधिक असते. ही तरंगलांबी निवडण्याचे कारण काचेच्या स्वभावात आहे. अतिशुद्ध काचेत याच ठिकाणी प्रकाशाचा ऱ्हास सर्वांत कमी होतो. तरीही सुमारे पंधरा किलोमीटर अंतर कापले की निम्मा प्रकाश नाहीसा होतो आणि ऐंशी किलोमीटरनंतर मूळच्या चाळीसाव्या हिश्शाएवढाच उरतो.

भारतात काचतंतू प्रथम वापरात आला तो पुण्यात. १९७९ साली तेथील शिवाजीनगर आणि कॅन्टोन्मेंट या दोन दूरध्वनी केंद्रांदरम्यान प्रकाशीय तंतूची जोडणी कार्यान्वित झाली. त्या काळच्या यंत्रणांत एका तंतूतून एकाच तरंगलांबीचा प्रकाश जाई आणि ती तरंगलांबी अगदी काटेकोर असण्याची गरजही नसे. तंतूच्या एका टोकाला दिवा लुकलुकावा आणि दुसऱ्या टोकाला कोणी तो पाहावा, इतका तो सरळ व्यवहार होता. दिव्याचा रंग किंचित इकडेतिकडे झाला, तरी पाहणाऱ्याचे काही बिघडत नव्हते.

ही मोकळीक फार काळ टिकली नाही. १९८७ साली अर्बियम या मूलद्रव्याचा अंश मिसळलेल्या तंतूचा विवर्धक तयार झाला. क्षीण झालेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर न करता तो त्याला पुन्हा बळ देतो, आणि एकाच वेळी अनेक तरंगलांबींना देतो. मग एकाच तंतूत एकच रंग का धाडावा, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. १९९६ साली सिएनाने एका तंतूतून सोळा तरंगलांबी नेणारी यंत्रणा बाजारात आणली. पुढे ही संख्या ऐंशीच्या वर गेली. १,५३० ते १,५६५ नॅनोमीटर या अरुंद पट्ट्यात ऐंशीहून अधिक प्रवाह शेजारी शेजारी बसवायचे, म्हणजे दोन प्रवाहांत जेमतेम ०.४ नॅनोमीटर अंतर उरते. प्रत्येक प्रवाहाने कोठे बसावे, हे आंतरराष्ट्रीय करारानेच ठरवून दिलेले आहे. मोजणी १९३.१ टेराहर्ट्झ या कंप्रतेपासून सुरू होते आणि तेथून दोन्ही बाजूंना समान अंतरावर जागा आखलेल्या आहेत.

अडचण येथूनच सुरू होते. अर्धसंवाहक लेसरचा रंग तापमानाबरोबर सरकतो. एका अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर. गुरुग्रामात मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो आणि जानेवारीच्या रात्री तो दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. हा चाळीस अंशांचा फरक लेसरला जसाच्या तसा लागू दिला, तर त्याचा रंग चार नॅनोमीटर सरकेल, म्हणजे तो आपली जागा सोडून दहा शेजाऱ्यांना ओलांडून पलीकडे जाईल आणि वाटेत प्रत्येकाच्या संदेशात घोळ घालील. म्हणून प्रत्येक लेसरच्या बुडाशी विजेवर चालणारा एक चिमुकला शीतक बसवलेला असतो आणि तो एका अंशाच्या लहानशा भागाइतक्या अचूकतेने तापमान सांभाळतो. खोलीतील वातानुकूलन यंत्र बंद पडले की केंद्रातील कर्मचाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो, त्याचे एक कारण हेही आहे.

दुसरी अडचण कोठारातली होती. लेसरचा रंग कारखान्यातच कायमचा ठरत असे. ऐंशी रंगांची यंत्रणा, म्हणजे ऐंशी प्रकारची कार्डे. आणि कोणते कार्ड केव्हा निकामी होईल याचा नेम नसल्याने प्रत्येक केंद्रात ऐंशी प्रकारची जादा कार्डे. नेमके हवे ते कार्ड नसले की मार्ग बंद राही. हवा तो रंग देऊ शकेल असे एकच कार्ड मिळाले, तर हा सारा पसारा एका खणात मावेल, हा विचार कोणत्याही भांडारपालाला सुचला असता. तो प्रत्यक्षात आणणे मात्र भौतिकीचे काम होते.

‘ट्यूनेबल’ या शब्दासाठी मराठीत निरनिराळे प्रतिशब्द सुचवले गेले आहेत. परंतु बैठकीपूर्वी तंबोरा ‘लावतात’, तोच शब्द येथे सर्वांत चपखल बसतो. तार तीच असते. तिचा ताण बदलला की स्वर बदलतो. लेसरच्या बाबतीत ‘ताण’ कोणता, हाच खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर महाराष्ट्रात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने दिले. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर ही त्यांची कीर्ती. पोलादाचा पत्रा कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत त्याचा उपयोग सर्वज्ञात आहे. त्यांचे दुसरे काम मात्र सामान्य वाचकाच्या फारसे कानावर आलेले नसते. १९७० साली पटेल व त्यांचे सहकारी शॉ यांनी इंडियम अँटिमनाइड या अर्धसंवाहकाचा स्फटिक अतिशीत करून तो प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात ठेवला आणि त्यावर त्याच कार्बन डाय-ऑक्साइड लेसरचा झोत सोडला. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला प्रकाश निराळ्या तरंगलांबीचा लेसर होऊन बाहेर आला. आणि चुंबकीय क्षेत्र कमीजास्त केले की ती तरंगलांबीही बदलू लागली. येथे ‘ताण’ होता तो चुंबकाचा.

या लेसरचा उपयोग दूरध्वनीसाठी झाला नाही, आणि होणेही शक्य नव्हते. शीतकरणाची सामग्री आणि जड चुंबक दूरध्वनी केंद्राच्या फळीवर मावणारे नव्हते. परंतु पटेल यांनी हे उपकरण एका बलूनमधून सुमारे अठ्ठावीस किलोमीटर उंचीवर पाठवले आणि तेथील विरळ हवेतील नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण मोजले. प्रत्येक वायू स्वतःच्या विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. लेसर ‘लावत’ त्या तरंगलांबीवर नेला की तो वायू किती आहे ते समजते. रात्री हा वायू नगण्य असतो व सूर्योदयानंतर वाढतो, असे दिसून आले. ही मोजमापे १९७४ साली प्रसिद्ध झाली. स्वनातीत विमानांच्या धुराने ओझोनचे कवच झिजेल की काय, या वादाला त्या काळी चांगलेच तोंड फुटले होते.

दूरसंदेशवहनासाठी चुंबकाऐवजी विजेचा ताण वापरावा लागला. अर्धसंवाहक लेसरमध्ये प्रकाश दोन आरशांच्या दरम्यान येरझारा घालतो. हे आरसे काचेचे नसतात. स्फटिकावर ठरावीक अंतराने कोरलेल्या सूक्ष्म रेघांचे ते जालक असते. रेघांच्या अंतरास अनुरूप अशीच तरंगलांबी मागे परतते, बाकीच्या निघून जातात. स्फटिकात विद्युत्‌प्रवाह सोडून त्याचा वक्रीभवनांक थोडा बदलला, तर प्रकाशाला हे अंतर बदलल्यासारखे भासते आणि रंग सरकतो. मात्र या उपायाने वक्रीभवनांक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच बदलता येतो, आणि रंगही तेवढ्याच प्रमाणात म्हणजे सात-आठ नॅनोमीटर सरकतो. गरज पस्तीस नॅनोमीटरची. सात-आठाचे पस्तीस कसे करावेत?

कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील विद्यापीठात लॅरी कोल्ड्रन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी यावर जी युक्ती योजली, तिचे मूळ शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर मापपट्टीत आहे. त्यांनी जालक अखंड न कोरता मध्ये मध्ये मोकळ्या जागा सोडून तुकड्यातुकड्यांनी कोरले. असा आरसा एका तरंगलांबीऐवजी समान अंतरावरच्या अनेक तरंगलांबी परतवतो. फणीला दाते असावेत तसे. लेसरच्या पुढे व मागे अशा दोन फण्या असतात, पण त्यांच्या दात्यांतील अंतर किंचित निराळे ठेवलेले असते. दोन्ही फण्या एकमेकींवर ठेवल्या, तर सर्व दाते जुळत नाहीत. एखादाच दाता दुसऱ्या फणीच्या दात्यावर बरोबर येतो. लेसर त्याच रंगाने उजळतो. आता एक फणी जराशी सरकवली की तो दाता सुटतो आणि शेजारचा जुळतो. फणी सरकली केसभर. जुळणारी जागा मात्र पूर्ण एका दात्याने उडी मारते. दोन्ही फण्या मिळून सरकवल्या की दोन उड्यांमधले बारीक अंतर भरून निघते. अशा रीतीने चाळीस नॅनोमीटर व त्याहून अधिक पल्ला हाती येतो. अनेक निश्चित रंगांचे लेसर शेजारी शेजारी ठेवून त्यांतून निवड करणे, किंवा आरसा स्फटिकाबाहेर ठेवून तो तापवणे, असे अन्य मार्गही चालतात. पण नजाकत या दोन फण्यांच्या युक्तीतच अधिक आहे.

या लेसरला चार प्रवाह लागतात: एक प्रकाश निर्माण करणारा, दोन दोन्ही आरशांसाठी आणि चौथा येरझारांची लांबी नेमकी जुळवण्यासाठी. कोणते चार आकडे दिले असता कोणता रंग मिळेल, हे दोन चिपांत कधीही तंतोतंत सारखे नसते. म्हणून प्रत्येक चिप स्वतंत्रपणे तपासून तिचा तक्ता तयार करावा लागतो व तो उपकरणाच्या स्मृतीत साठवावा लागतो. वापराने चिप जुनी होते आणि तक्ता चुकू लागतो. तेव्हा सोबत बसवलेली काचेची एक सूक्ष्म पट्टी रंगावर पहारा ठेवते आणि चूक वेळीच सुधारते. कारखान्यातील खर्चाचा मोठा हिस्सा चिप घडवण्यापेक्षा या तपासणीत आणि पुढील बांधणीत जातो.

वरील वर्णनावरून ध्यानात येईल की लेसर, दोन आरसे आणि जुळवणीचा भाग हे सारे एकाच स्फटिकावर आहेत. म्हणजेच हे एक लहानसे प्रकाशीय संकलित मंडल होय. ही कल्पना बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट मिलर यांनी १९६९ साली मांडली होती. वीजमंडलात ट्रान्झिस्टर जसे एका चकतीवर आले, तसे प्रकाशाचे सर्व भाग एका चकतीवर आणावेत, असा तिचा आशय. इन्फिनेरा या कंपनीने दहा लेसर व त्यांच्या सोबतचे पन्नासहून अधिक भाग इंडियम फॉस्फाइडच्या एका चिपवर बसवले आणि २००५ पासून ती चिप जाळ्यांत वापरली जाऊ लागली. (२०२५ मध्ये नोकियाने ही कंपनी विकत घेतली.) परंतु इंडियम फॉस्फाइड महाग व ठिसूळ आहे, त्याच्या चकत्या बहुधा ५० ते १०० मिलिमीटर व्यासाच्या असतात, तर सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटरच्या. सिलिकॉन स्वस्त, मजबूत, प्रकाश वळवण्यात तरबेज; मात्र त्याच्या इलेक्ट्रॉनांची रचनाच अशी की ते स्वतः उजळत नाही. २००६ साली सांता बार्बरा विद्यापीठ आणि इंटेल यांनी सिलिकॉनवर इंडियम फॉस्फाइडचा थर चिकटवून दोघांचे गुण एकत्र आणले. काहीसा आंतरजातीय विवाहच हा, आणि तो बऱ्यापैकी टिकला आहे.

चिप तयार झाली तरी ती तंतूला जोडायची बाकी असते. तंतूच्या गाभ्याचा व्यास आठ-नऊ मायक्रॉन, तर चिपवरील प्रकाशवाट एक-दोन मायक्रॉन किंवा त्याहूनही अरुंद. जोड अर्ध्या मायक्रॉनने चुकला तरी प्रकाशाचा लक्षणीय भाग वाया जातो. हे काम लेसर चालू ठेवून, पलीकडे किती प्रकाश पोहोचतो ते पाहत पाहत करावे लागते. त्यानंतर तो जोड असा पक्का करायचा की पंचवीस वर्षे, उन्हाळ्या-हिवाळ्यांत, तो हलता कामा नये.

भारताची बाजू येथे मिश्र आहे. काचतंतू देशातच ओढला जातो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, येथील स्टरलाइटचा कारखाना त्यासाठी प्रसिद्ध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संमिश्र अर्धसंवाहकांचे थर वाढवण्याचे संशोधन बरीच वर्षे चालू आहे, आणि मद्रासच्या आयआयटीत सिलिकॉनवरील प्रकाशीय मंडलांचे स्वतंत्र केंद्र उभे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या अर्धसंवाहक योजनेत सिलिकॉन प्रकाशिकीचा नाव घेऊन समावेश आहे. तरी मोठ्या व्यापारी प्रमाणावर दूरसंचाराच्या लेसर चिपा घडवण्याची भट्टी भारतात अजून नाही. गुरुग्रामचे अभियंते ज्या लेसरच्या चार प्रवाहांवर आज्ञावलीने हुकूमत गाजवतात, ते लेसर परदेशातून डबीबंद होऊन येतात. परदेशातला एखादा कारखाना थंडावला, किंवा एखाद्या सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले, तर नवे जाळे टाकण्याचे वेळापत्रक कोलमडते. पुण्यात १९७९ साली पहिला तंतू पडला, तेव्हा उत्तम लेसर कोठून आणावा हा प्रश्न होताच. आज तंतू आपला आहे, यंत्रणेचा आराखडा काही अंशी आपला आहे, आणि तो तांदळाहून लहान दाणा तेवढा बाहेरून येतो.