माणसाने मोजलेला पूल

मापनाचा पाठ म्हटला की कोष्टकांची घोकंपट्टी होते. मोजून आलेल्या अंकावर कितपत भरवसा ठेवावा, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच निघतो. तो काढण्यास पुढील हकिकत उपयोगी पडते.

अमेरिकेत बॉस्टन व केंब्रिज या शहरांच्या मध्ये चार्ल्स नदीवर हार्वर्ड पूल आहे. १९५८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील काही विद्यार्थ्यांनी हा पूल ऑलिव्हर स्मूट या आपल्या सोबत्याने मोजला. सोबत्याच्या मदतीने नव्हे, सोबत्यानेच! स्मूट पुलावर आडवा होई, खूण केली जाई, मग तो उठून त्या खुणेपुढे पुन्हा आडवा होई. शेवटी तो दमला, तेव्हा मित्रांनी त्याला उचलून पुढे पुढे ठेवले. मोजपट्टीच दमल्याचा असा दाखला विरळाच. त्याची उंची ५ फूट ७ इंच, म्हणजे सुमारे १७० सेंटिमीटर. आणि पुलाची लांबी भरली ३६४.४ स्मूट, अधिक-उणे एक कान.

या 'काना'वर मुले हसतील. त्यांना मनसोक्त हसू द्यावे. पाठाचे मर्म तेथेच आहे. कोणतेही मोजमाप थोड्याफार चुकीवाचून होत नाही आणि प्रामाणिक मापक ती चूक अंकाबरोबरच सांगतो. पुढे पुष्कळ ठिकाणी यातले 'उणे' गळाले व नुसते 'अधिक एक कान' उरले. म्हणजे विनोद राहिला, विज्ञान निसटले.

वरच्या वर्गात आणखी एक प्रश्न घालावा. दर खेपेस दीड सेंटिमीटरची चूक एकाच दिशेने झाली, तर ३६४ खेपांत किती? उत्तर सुमारे साडेपाच मीटर येते, म्हणजे तीन स्मूटांहून अधिक! चुका कधी पुढे, कधी मागे झाल्या, तर त्या एकमेकींना बव्हंशी खोडतात. तरीही एका कानाचा अंदाज जरा धाडसाचाच म्हणावा लागेल.

हेच स्मूट पुढे २००३-०४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेचे अध्यक्ष होते, हे सांगितल्यास मुलांना नवल वाटेल.

प्रयोग शाळेच्या ओसरीवर करता येतो. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. स्मूटची निवड तो ठेंगणा म्हणून झाली, असे सांगतात; आपल्या वर्गात तसे करू नये. ठेंगण्या मुलाला 'माप' ठरवले, तर ते नाव त्याला वर्षभर चिकटते. चिठ्ठी टाकून मूल निवडावे, अथवा गुरुजींनी स्वतःच आडवे व्हावे. मोजणी दोन गटांकडून स्वतंत्रपणे करवावी. दोन्ही उत्तरे क्वचितच जुळतील. कोणाचे चुकले हे न विचारता, दोहोंत किती 'कानां'चे अंतर पडले ते फळ्यावर लिहावे.

माप मुलाचे असेल, तर जूनमध्ये मोजलेली ओसरी त्याच मुलाने मार्चमध्ये पुन्हा मोजावी. मूल तेवढ्यात वाढलेले असते. आकडा बहुधा कमी भरेल. ओसरी आखडली काय, असे कोणी विचारल्यास उत्तर लगेच सांगू नये.