पिल्लांच्या ऊबघरातील तापमान-नियंत्रकाची घरगुती पेटी

उबवणी केंद्रातून आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लाला आईच्या पंखाचा आसरा नसतो. त्याच्या अंगावर केवळ लव असते, पिसे नसतात. आणि आपल्या शरीराचे उष्णतामान स्वतः राखण्याची शक्ती पहिले काही दिवस त्याच्या ठिकाणी पुरती आलेली नसते. म्हणून पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब ठेवावी लागते व पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी उतरवीत न्यावी लागते. निफाडसारख्या भागात पौष महिन्यातील रात्री बाहेरचा पारा ५ अंशांच्याही खाली जातो. अशा रात्री बुखारीतील कोळसा तीन वाजता मंदावला आणि राखणदाराचा डोळा लागला, तर पिल्ले उबेसाठी एकमेकांच्या अंगावर चढतात व खालची गुदमरून मरतात. सकाळी जो तोटा दिसतो तो रोगाचा नसून केवळ दोन तासांच्या गारठ्याचा असतो.

ह्या अडचणीवर एक सोपा उपाय आता खेड्यातील शेतकऱ्याच्या आवाक्यात आला आहे. १२ व्होल्टवर चालणारा लहानसा तापमान-नियंत्रक बाजारात तयार मिळतो. त्याला एक लांब तार असून तिच्या टोकाशी तापमान जाणणारी शलाका असते. तिला दुकानात सेन्सर म्हणतात. ऊब ठरावीक अंशाखाली गेली की नियंत्रकातील रिले एक छोटा पंखा सुरू करतो, पंखा बुखारीच्या खालच्या दारातून निखाऱ्यांवर वारा घालतो आणि ऊब पुरी झाली की थांबतो. अमेरिकेत कोळशाच्या मंद आचेवर तासन्‌तास मांस शिजविणारे हौशी लोक नेमकी हीच योजना आपल्या भट्टीसाठी वापरतात. तत्त्व एकच असले तरी भट्टी अंगणात असते आणि बुखारी पिल्लांच्या शेडमध्ये असते. शेडमधील धूळ, ओल व गादीतून उठणारा अमोनिया वायू उघड्या नियंत्रकाला फार काळ टिकू देत नाहीत. म्हणून नियंत्रकाइतकीच काळजी त्याच्या पेटीची घेणे अवश्य आहे.

पेटीने काय करावे

पेटीची कामे चार आहेत. पिसांची व भुशाची बारीक धूळ आत जाऊ न देणे, हे पहिले. ओलावा व अमोनिया यांपासून तांब्याच्या तारा राखणे, हे दुसरे. अमोनियामुळे तांबे हिरवे पडते आणि सांधे कुचकामी होतात. पाल, मुंग्या व झुरळे यांना आडकाठी करणे, हे तिसरे. एखादी तार ओढली गेली तरी आतला सांधा सुटू न देणे, हे चौथे.

आतील उष्णता बाहेर घालविण्यासाठी पेटीला मोठी भोके पाडण्याची प्रथा दिसते. ती अनाठायी आहे. असा नियंत्रक रिले चालू असतानाही एक वॅटहून कमी वीज खातो. त्याने पेटी तापत नाही. मोठ्या भोकांतून मात्र धूळ व कीटक सुखाने आत शिरतात. उलट पेटी अगदी हवाबंद केली, तर रात्रीच्या गारव्यात आतल्या वाफेचे दव होऊन ते सर्किटवर बसते. ह्यासाठी पेटीच्या तळाशी ३ मिलिमीटरची दोनच भोके ठेवावीत व त्यांवर आतून बारीक जाळी चिकटवावी. तेवढ्याने हवा खेळते आणि दव झाल्यास पाणी खाली गळून जाते.

पेटी कशाची करावी

पत्र्याचा डबा हाताशी असला तरी तो ह्या कामाला योजू नये. एखादी सुटलेली तार पत्र्याला लागली की विजेचा मार्ग जुळून जातो. लाकडी पेटी चालते, पण तिला आतून-बाहेरून तैलरंग द्यावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात ती फुगते. सर्वांत सोयीची म्हणजे वीजजोडणीच्या दुकानात मिळणारी पी.व्ही.सी.ची जोडपेटी. सुमारे १५ सें.मी. लांब, १० सें.मी. रुंद व ७ सें.मी. खोल अशी, स्क्रूने बसणाऱ्या झाकणाची पेटी घ्यावी. झाकण पारदर्शक मिळाल्यास उत्तम, कारण अंक बाहेरून वाचता येतात. पी.व्ही.सी. उष्णतेने मऊ पडते, म्हणून ही पेटी बुखारीपासून निदान दीड मीटर दूर असावी व तिच्या वरच्या बाजूस कधीही नसावी.

पेटीशिवाय पुढील सामान लागते : नियंत्रक व त्याचा सेन्सर, १२ व्होल्टचा छोटा पंखा, १२ व्होल्टची बंद प्रकारची बॅटरी, २ अँपिअरचा फ्यूज व त्याची खोबण, एक बटन, स्क्रूची कनेक्टर पट्टी, तीन केबल ग्लँड, जाळीचा तुकडा आणि पेटी ठोकण्यासाठी एक फळी.

बांधणीचा क्रम

प्रथम सर्व वस्तू पेटीत मांडून पाहाव्यात आणि मगच पेन्सिलीने खुणा कराव्यात. भोके तापल्या खिळ्याने पाडू नयेत; कडा वेड्यावाकड्या होतात व तेथूनच पेटी पुढे तडकते. मागे लाकडाचा ठोकळा धरून गिरमिटाने आधी बारीक व मग मोठे भोक पाडावे. तारांची सर्व भोके पेटीच्या खालच्या बाजूस असावीत. प्रत्येक भोकात केबल ग्लँड बसवून तो तारेवर घट्ट आवळावा. त्यामुळे भोकही बुजते आणि ताण आला तर तो सांध्यावर न येता ग्लँडवर येतो. पेटीत शिरण्यापूर्वी प्रत्येक तारेला खाली झोका द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोक्यावरून खाली ठिबकेल.

नियंत्रक पेटीच्या पाठीला थेट चिकटवू नये. त्याच्या चारही कोपऱ्यांखाली प्लॅस्टिकच्या नळीचे १ सें.मी. लांबीचे तुकडे घालून तो उचलून बसवावा. नियंत्रकाच्या कळांसाठी झाकणाला भोक पाडू नये. अंश आठवड्यातून एकदाच बदलावयाचा असतो. तेवढ्यासाठी झाकण उघडणे कष्टाचे नाही.

जोडणी अशी करावी : बॅटरीच्या धन टोकापासून तार निघाली की पहिला फ्यूज, नंतर बटन आणि नंतर नियंत्रक. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. १२ व्होल्टचा धक्का माणसाला बाधत नाही हे खरे. परंतु बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना भिडल्या तर त्या लाल होण्याइतक्या तापतात, आणि शेडमध्ये भाताच्या तुसाची गादी पसरलेली असते, हे विसरू नये. बटनापासून एक फाटा रिलेच्या संपर्कांतून पंख्याकडे न्यावा. ऋण तारा कनेक्टर पट्टीवर एकत्र कराव्यात.

बॅटरी पेटीत ठेवू नये. ती अधिक भारली गेल्यास तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो आणि शेजारी रिलेची ठिणगी असते. तिला वेगळ्या, हवेशीर खोक्यात जमिनीपासून उंच ठेवावे. तसेच २३० व्होल्टची तार ह्या पेटीत मुळीच आणू नये. बॅटरी भारण्याचे यंत्र पिल्लांच्या जागेपासून दूर, कोरड्या ठिकाणी असावे. ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर पंखा व नियंत्रक मिळून सुमारे ०.३५ अँपिअरचा भार पडतो असे धरले, तर हिशेबाने २० तास निघतात; बॅटरीचे आयुष्य राखण्यासाठी त्यातले निम्मेच वापरावेत. दहा तासांत रात्र सरते, आणि पंखा सतत चालत नसल्यामुळे हाती थोडे शिल्लकही राहते. वीज गेली तरी ऊब जात नाही, हा ह्या रचनेचा मोठा गुण होय.

पंखा व सेन्सर

पंखा पेटीतही नको व बुखारीला चिकटूनही नको. दीड इंची लोखंडी नळाचा सुमारे ४५ सें.मी.चा तुकडा बुखारीच्या खालच्या दारात बसवून त्याच्या दुसऱ्या टोकास पंखा लावावा. येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : पंखा थांबला तरी धुराड्याच्या ओढीने त्याच वाटेने हवा आत जातच राहते आणि ऊब ठरविलेल्या अंशावर न थांबता पुढे चढते. म्हणून नळाच्या तोंडाशी पातळ ॲल्युमिनियमची झडप वरून बिजागरीवर टांगावी. वाऱ्याने ती उघडते व वारा थांबला की आपल्या वजनाने मिटते. पंखा बंद असताना ऊब हळूहळू उतरली पाहिजे, इतपतच बुखारीच्या हवेच्या इतर वाटा उघड्या ठेवाव्यात.

सेन्सर चिकगार्डच्या आत, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे पहिल्या आठवड्यात गादीपासून सुमारे ५ सें.मी. वर टांगावा व पिल्ले वाढतील तसा उचलावा. बुखारीची धग त्यावर थेट पडू नये म्हणून भोके पाडलेल्या पत्र्याचा आडोसा करावा. पिल्ले तार टोचतात, म्हणून ती बारीक नळीतून न्यावी.

सेन्सरची तार वाढवावी लागली तर सांधा कधीही उघडा सोडू नये. ह्या जातीच्या सेन्सरमध्ये तापमान वाढले की विजेला होणारा रोध कमी होतो. सांध्यात ओल शिरली तरी रोध तसाच कमी होतो, आणि नियंत्रकाला ऊब पुरेशी आहे असे भासते. मग तो पंखा बंद ठेवतो व पिल्ले गारठतात, आणि अंक मात्र समाधानकारक दिसतो. म्हणून सांधा पेटीच्या आत, कनेक्टर पट्टीवरच घ्यावा.

पिल्ले येण्यापूर्वीची परीक्षा

पेटी तयार झाली की तिची परीक्षा पिल्लांवर करू नये. चुरलेला बर्फ व थोडे पाणी पेल्यात घेऊन सेन्सर त्यात बुडवावा. अंक शून्याच्या आसपास आला पाहिजे. नंतर ३६-३७ अंशांच्या कोमट पाण्यात सेन्सर व तापाचा थर्मामीटर एकत्र धरून दोहोंचा मेळ पाहावा. फरक एका अंशाहून अधिक असल्यास तो कागदावर लिहून पेटीच्या झाकणात चिकटवावा व अंश ठरविताना जमेस धरावा.

दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची आहे. पंखा चालू असताना सेन्सरची तार मुद्दाम काढावी. पंखा थांबला तर ठीक. तो चालतच राहिला, तर तार तुटलेल्या रात्री बुखारी भडकत राहील असे समजावे व तो नियंत्रक परत करावा. रिले चिकटून बसण्याचा धोका तर कोणत्याही नियंत्रकात असतो. त्यासाठी तसाच दुसरा स्वस्त नियंत्रक वेगळ्या सेन्सरसह घेऊन त्याला घंटी जोडावी. पहिल्या आठवड्यात ती ३८ अंशांवर वाजेल अशी लावावी व पुढे ऊब उतरवाल तशी तीही उतरवावी. ह्याखेरीज साधा थर्मामीटर चिकगार्डमध्ये टांगलेला असावाच.

पिल्ले येण्यापूर्वी २४ तास बुखारी पेटवून पंखा ३४ अंशांवर सुरू व ३५ वर बंद होतो की नाही, हे रात्री दोन-तीन वेळा पाहावे.

दोन इशारे

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. म्हणून ही योजना धुराडे शेडबाहेर काढलेल्या बुखारीसाठीच आहे. उघड्या शेगडीवर पंखा मुळीच लावू नये. ऊब राखण्यासाठी शेडचे सर्व पडदे आवळून टाकणे व आत निजणे, ह्या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. वरच्या बाजूने हवा नेहमी खेळती असावी.

दुसरा इशारा देखभालीचा. एक तुकडी निघाली व शेडची धुलाई, निर्जंतुकीकरण किंवा चुन्याची सफेदी काढली, की पेटी आधी उतरवून घरात न्यावी. झाकण उघडून मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, हिरवे पडलेले तारेचे टोक कापून नवे काढावे, स्क्रू आवळावेत, तळाची जाळी साफ करावी व बॅटरी भारून ठेवावी. पेटी पुन्हा लावताना ती भिंतीला टेकवू नये. फळीमागे बोटभर जागा सोडावी, म्हणजे भिंतीची ओल तिला लागत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील कुक्कुटपालकांस ही पेटी दाखविताना तिची एकच मर्यादा ठासून सांगावी. नियंत्रक एका बिंदूचे तापमान जाणतो. पिल्ले साऱ्या जागेचे जाणतात. ती बुखारीपाशी दाटीने गोळा झाली तर ऊब कमी आहे. चोच उघडून धापा टाकीत कडेला पळाली तर ऊब जास्त आहे. सर्वत्र सारखी विखरून, खात-पीत व निजत असली तर ऊब बरोबर आहे. पेटीवरील अंक व पिल्लांचे वागणे यांचा मेळ बसत नसेल, तर पिल्लांचे खरे मानावे आणि पेटी उघडून पाहावी.