नावाच्या शेवटचा 'ल'



बाप्तिस्म्याच्या विधीला आरंभ होतो तेव्हा धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात, 'या बालकाचे नाव काय ठेवले आहे?' कोणी मायकल सांगतात, कोणी जोएल, कोणी सॅम्युएल. त्या नावाचा अर्थ काय, हे मात्र विधीत विचारले जात नाही. तो प्रश्न आपणच स्वतःला विचारायचा असतो.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना तो विचारून पाहा. बहुतेकांचे उत्तर एकच असते, 'मम्मीला आवडले म्हणून ठेवले.' आवडले हे चांगलेच. पण जे नाव मूल आयुष्यभर बाळगणार, त्यात काय भरले आहे हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. म्हणून आज 'ल' या अक्षराने संपणाऱ्या मुलांच्या काही नावांचा अभ्यास करू या.

'एल' म्हणजे देव

हिब्रू भाषेत 'एल' म्हणजे देव. याकोबाला स्वप्नात स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी दिसली, त्या जागेला त्याने 'बेथेल' म्हणजे 'देवाचे घर' असे नाव दिले (उत्पत्ती २८:१९). हाच 'एल' पुढील नावांच्या शेवटी आहे.

१. मायकल (मीखाएल): 'देवासारखा कोण आहे?' हे नाव म्हणजे एक प्रश्नच आहे आणि त्याचे उत्तर 'कोणीही नाही' हे आहे. पोर्तुगीज 'मिगेल' हे याच नावाचे रूप.

२. गॅब्रियल: 'देव माझे सामर्थ्य आहे.' पवित्र मरियेला येशूच्या जन्माचा निरोप यानेच दिला (लूक १:२६).

३. राफाएल: 'देवाने बरे केले.' तोबीतच्या पुस्तकात हा देवदूत तरुण तोबियाचा वाटसोबती होतो आणि त्याच्या अंध पित्याला दृष्टी मिळवून देतो. या तिन्ही महादूतांचा सण २९ सप्टेंबरला असतो.

४. डॅनियल (दानीएल): 'देव माझा न्यायाधीश आहे.'

५. सॅम्युएल (शमुवेल): 'देवाचे नाव' असा याचा अर्थ लावला जातो. मूल नाही म्हणून रडून प्रार्थना करणाऱ्या हन्नाने, 'मी याला प्रभूजवळ मागून घेतले' या भावनेने हे नाव ठेवले (१ शमुवेल १:२०).

६. जोएल (योएल): 'यो' म्हणजे याव्हे. 'याव्हे हाच देव आहे.' हेच दोन शब्द उलट क्रमाने जोडले की 'एलिया' होते.

७. नथानिएल (नथनेल): 'देवाने दिले.' आपल्या मराठीतला देवदत्त तो हाच!

८. इम्मानुएल: 'आम्हाबरोबर देव' (मत्तय १:२३). याचे पोर्तुगीज रूप मानुएल. वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळापासून आलेले हे नाव आपल्या लोकांच्या तोंडी 'मनवेल' झाले. आजोबा मनवेल आणि नातू इम्मानुएल असेल, तर त्या घरात एकच नाव दोनदा ठेवले गेले आहे. अनेकांना हे ठाऊकही नसते.

प्रत्येक 'ल' म्हणजे 'एल' नव्हे

केवळ शेवटचे अक्षर पाहून अर्थ ठरवू नये. आबेल (हाबेल) या नावात देवाचे नाव नाही. त्या हिब्रू शब्दाचा अर्थ 'श्वास, वाफ' असा आहे. त्याचे आयुष्यही तसेच अल्प ठरले. शौल म्हणजे 'मागितलेला'. पॉल हे लॅटिन नाव, अर्थ 'लहान'. सिरिल ग्रीक आहे; 'प्रभू' या अर्थाच्या शब्दापासून ते आले. मार्सेल हे तर रोमन लोकांच्या मार्स या युद्धदेवतेशी जोडलेले नाव. पण मार्सेलस नावाचे संत पोप होऊन गेले. जगणाऱ्याने नाव पवित्र केले!

मग अनिल (वारा), विमल (निष्कलंक), अमोल या नावांचे काय? १९१७ च्या धर्मविधीसंहितेनुसार आईवडील ख्रिस्ती नाव ठेवायला तयार नसतील, तर धर्मगुरूंनी त्याला एका संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत असा नियम होता. १९८३ च्या संहितेतील ८५५ वे कलम एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव देऊ नये. तेव्हा निष्कलंक जीवनाची आठवण देणारे विमल हे नाव वेदीपाशी आनंदाने उच्चारावे.

नाव तोडले जाते तेव्हा

बाबेलच्या राजवाड्यात नेलेल्या दानीएलाचे नाव बदलून बेल्टशस्सर ठेवण्यात आले (दानीएल १:७). नबुखद्नेस्सर राजा स्वतःच सांगतो की, हे नाव त्याच्या देवाच्या नावावरून ठेवले होते. हिब्रू नावातला 'एल' अशा रीतीने पुसण्यात आला. तरी दानीएल आपल्या देवाची प्रार्थना करीत राहिला.

आपल्या घरात असा राजा नाही. पण मायकलचा माईक होतो, सॅम्युएलचा सॅम, डॅनियलचा डॅनी, गॅब्रियलचा गॅबी. लाडाने हाक मारताना नावातला नेमका कोणता भाग गळतो, हे एकदा तपासून पाहा. 'एल' गळतो! लाडाचे नाव ठेवणे हे काही पाप नाही. मात्र वीस वर्षे सॅम म्हणून हाक ऐकलेल्या मुलाला, आपल्याला कोणी प्रार्थनेत मागून घेतले होते हे कधीच कळले नाही, तर दोष त्याचा नाही. ते सांगण्याचे काम आईवडिलांचे आणि धर्ममाता-धर्मपित्याचे आहे.

या आठवड्यात घरी करण्यासाठी

१. रात्रीच्या रोझरीनंतर घरातील प्रत्येकाच्या नावाचा अर्थ सांगा. माहीत नसेल तर फादरांना किंवा धर्मशिक्षकांना विचारा.

२. ते नाव कोणी आणि का ठेवले, हे आजीआजोबांकडून मुलांना ऐकू द्या.

३. वाढदिवशी आणि नावाच्या संताच्या सणाला मुलाला पूर्ण नावाने हाक मारा आणि त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करा.

'मुला, तुझ्या नावात देव आहे,' हे वाक्य ऐकलेले मूल संकटात एकटे पडले, तरी स्वतःचे नाव उच्चारून प्रार्थना करू शकेल.